दोन बटणांचा प्रेस आणि निष्काळजीपणाचा शिक्का

पत्रा दाबून कापणाऱ्या किंवा वाकवणाऱ्या पॉवर प्रेसला दोन बटणं असतात आणि ती मुद्दाम एकमेकांपासून लांब बसवलेली असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक, म्हणजे प्रेसचा ठोका, पडायचा नाही. डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, मिटताना दोन्ही हात बाहेर राहावेत, यासाठी ही सोय. चांगल्या कंट्रोलमध्ये दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबावी लागतात आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सोडावी लागतात, त्यामुळे एक बटण अडकवून ठेवलं तर प्रेस चालतच नाही. पण जुन्या प्रेसची वायरिंग साधी असते. तिथे एका बटणात लाकडाची पाचर मारली किंवा चिकटपट्टीने ते दाबून बांधलं, की एक हात मोकळा होतो. मोकळ्या हाताने पत्रा लावायचा, दुसऱ्याने स्ट्रोक मारायचा. असं महिनोन् महिने बिनबोभाट चालतं आणि एखाद्या रात्री बोट जातं.

अहवालात कारण लिहिलं जातं: 'कामगाराचा निष्काळजीपणा'. मग भिंतीवर नवीन पोस्टर लागतं, ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनी सगळ्यांकडून शपथ म्हणवून घेतली जाते, बाहेरून वक्ता बोलावून 'सकारात्मक मानसिकता' या विषयावर दोन तासांचं व्याख्यान होतं. प्रेस तोच, टार्गेट तेच, आणि काही आठवड्यांत पाचरही परत येते.

आपल्याकडच्या कारखान्यांत आणि कचेऱ्यांत माणसाच्या वागण्याचा विचार करण्याची ही जी रूढ रीत आहे, ती चुकीची आहे आणि तिची किंमत सगळ्यात खालच्या पायरीवरचा माणूस मोजतो. काम बिघडलं की आपण आधी माणसाचा स्वभाव तपासतो. आधी कामाची मांडणी तपासायला हवी.

त्या पाचरीचाच हिशेब करून बघू. एक हात मोकळा ठेवल्याने एका स्ट्रोकमागे दोन सेकंद वाचतात असं धरा. पाळीला तीन हजार स्ट्रोक असतील तर सहा हजार सेकंद, म्हणजे शंभर मिनिटं वाचली. आता टार्गेट कसं ठरलं ते विचारा. बऱ्याचदा कोणीतरी स्टॉपवॉच घेऊन उभं राहिलेलं असतं ते सगळ्यात चपळ ऑपरेटरपाशी, आणि त्या वेळीही बटण बांधलेलंच असतं. म्हणजे टार्गेटमध्येच पाचर गृहीत धरलेली आहे. नियमाने दोन्ही हात वापरणारा माणूस आठ तासांत शंभर मिनिटं मागे पडणार, हे ठरल्यासारखंच आहे. त्याच्या सुपरवायझरला रोज सकाळी आकडा कळवायचा असतो, सुरक्षेचा कुठलाच आकडा त्याला कोणी विचारत नाही. आणि ऑपरेटर ठेकेदाराचा असेल, तर 'उद्यापासून येऊ नकोस' एवढं वाक्य पुरतं. अशा जागी बटण बांधणारा माणूस बेफिकीर नसून व्यवस्थेने समोर ठेवलेलं गणित सोडवत असतो. उत्तर चुकलं तर बोट त्याचं जातं.

कामाच्या ठिकाणी माणसं जशी वागतात तशी का वागतात, हे अभ्यासणाऱ्या शाखेला संघटनात्मक वर्तन म्हणतात. व्यवस्थापनाच्या पदवीत हा विषय असतो आणि परीक्षेपुरता पाठ करून सोडून दिला जातो. त्याचा गाभा मात्र कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये एका ओळीत मांडला होता: वर्तन हे व्यक्ती आणि परिस्थिती या दोन्हींवर मिळून अवलंबून असतं. दुसऱ्याची चूक दिसली की आपण त्याचा स्वभाव पुढे करतो आणि आपली चूक झाली की परिस्थितीकडे बोट दाखवतो. यातल्या पहिल्या कलाला, दुसऱ्याचा स्वभाव पुढे करण्याला, ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मूलभूत चूक असंच नाव दिलं. शॉप फ्लोअरवर या चुकीला अधिकाराची जोड मिळते, कारण अहवाल लिहिणारा एक असतो आणि ज्याच्यावर लिहिला जातो तो दुसरा.

या विषयाची सुरुवात सांगताना शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातले दिवे कमीजास्त केल्याचे प्रयोग सांगायची पद्धत आहे. मला त्याच कारखान्यातली एक वेगळी खोली जास्त महत्त्वाची वाटते. १९३१ ते ३२ या काळात तिथे टेलिफोनच्या उपकरणांच्या वायरिंगच्या कामावरच्या चौदा पुरुषांच्या कामाचं निरीक्षण झालं. गटाने जितकं जास्त काम करावं तितका पैसा जास्त, अशी मजुरीची पद्धत होती. तरीही त्या चौदा जणांनी आपापसांत ठरवून टाकलं होतं की दिवसाला साधारण दोन संच पुरे. कोणी जास्त भरभर काम करू लागला की शेजारी त्याच्या दंडावर एक ठोसा हाणायचा. फार मागे राहणाराही बोलणी खायचा, आणि साहेबाकडे चुगली करणारा तर वाळीतच पडायचा. जास्त काम केलं तर उद्या दर कापतील किंवा माणसं कमी करतील, अशी त्यांची धास्ती होती. मंदीचा काळ होता, ती धास्ती हवेतली नव्हती.

पीस रेटवर, म्हणजे नगामागे मजुरीवर, काम करणाऱ्या कुठल्याही जुन्या कामगाराला हे शिकवावं लागत नाही. दर एकदा कापला गेला की पुढची दहा वर्षं त्या खात्यात कोणी आपला खरा वेग दाखवत नाही. बाहेरून बघणाऱ्याला हा आळस वाटतो, पण आतून ती एकमेकांची राखण असते. व्यवस्थापन जेव्हा 'आमच्या माणसांना जास्त कमवायची इच्छाच नाही' असं म्हणतं, तेव्हा शेवटचा दर कधी आणि कसा बदलला, हे त्याने आधी सांगावं.

माणसं तीच ठेवून मांडणी बदलली तर काय होतं, याचं ठळक उदाहरण कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचं आहे. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना इतका बदनाम होता की कित्येक दिवशी पाचातला एक कामगार गैरहजर असायचा. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला. घेतलेले बहुसंख्य कामगार जुनेच होते आणि युनियनही तीच होती. ऐंशीहून अधिक कामाचे हुद्दे मोडून मोजकेच ठेवले गेले, माणसं छोट्या तुकड्यांत काम करू लागली, शेकडो जणांना जपानला नेऊन शिकवलं. आणि लाइनच्या कडेने एक दोरी आली. दोष दिसला की कुठल्याही कामगाराने ती ओढायची. ओढली की तुकडीचा म्होरक्या धावत मदतीला येतो, आणि ठरलेल्या वेळात अडचण सुटली नाही तरच लाइन थांबते. गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली आणि गाड्यांचा दर्जा जपानी कारखान्यांच्या जवळ पोचला. दोन वर्षं बेकारी सोसलेल्या माणसांना नोकरीची किंमत कळली होती, हेही खरं, आणि ते वगळून ही गोष्ट सांगू नये. पण नुसत्या भीतीने माणसं दोरी ओढत नाहीत. १९८८ मध्ये मागणी घटली तेव्हा कंपनीने कोणालाही घरी न बसवता रिकाम्या वेळेत प्रशिक्षण दिलं. दोरीवरचा विश्वास तिथे पक्का झाला.

'ते अमेरिकेत, आपल्याकडे नाही चालत' असं लगेच म्हटलं जातं. पण आपल्याकडे हे त्याच्याही तीस वर्षं आधी झालं आहे. १९५३ मध्ये, अहमदाबाद अजून मुंबई राज्यात होतं तेव्हा, कॅलिको कंपनीच्या गिरणीत मानवी संबंधांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे संशोधक ए. के. राइस आले. स्वयंचलित माग आणूनही उत्पादन वाढत नव्हतं आणि कापडातले दोष कमी होत नव्हते. मशीन नवीन, माणसं अनुभवी, मग अडलं कुठे? राइस यांनी खात्यात उभं राहून कोण कोणासाठी काम करतो ते मांडलं. कामाचे तुकडे बारा प्रकारच्या कामगारांत वाटलेले होते आणि प्रत्येक प्रकाराकडे मागांची संख्या वेगळी. विणकराकडे २४ ते ३२ माग, बॉबिन भरणाऱ्याकडे ४० ते ५०, तुटलेलं सूत सांधणाऱ्याकडे त्याहून जास्त, आणि काही जण तर सगळ्या शेडमध्ये फिरणारे.

याचा अर्थ काय होतो ते बघा. एका विणकराचे काही माग एक बॉबिनवाला बघतो आणि उरलेले दुसरा, त्या बॉबिनवाल्याला दोन-तीन विणकर हाका मारतात, आणि सांधणाऱ्याला तर आणखी जास्त जण. दोन माणसांचे माग कुठेच तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे शेडमध्ये 'आपण' असं म्हणावं असा एकही गट नव्हता. माग बंद पडला की प्रत्येकाकडे खरं आणि रास्त कारण असायचं, आणि माग तरीही बंदच असायचा. ही वाटणी वेळेचा आणि हालचालींचा नीट अभ्यास करून ठरवली होती. हिशेब एकेकट्या माणसापुरता बिनचूक होता, फक्त माणसांनी एकमेकांबरोबर काम करायचं असतं हे त्यात नव्हतं.

उपाय साधा होता: ठरावीक मागांचा एक संच, त्या सगळ्या मागांसाठी एकच छोटी तुकडी, आतली कामं तुकडीने आपसांत वाटून घ्यायची. कल्पना मांडल्यावर कामगारांनी आणि सुपरवायझरांनीच ती उचलून धरली आणि कोण कोणाबरोबर काम करणार हेही स्वतःच ठरवलं. सुरुवातीला उत्पादन वाढलं तसे कापडातले दोषही वाढले. मग प्रशिक्षणातल्या उणिवा दुरुस्त केल्यावर दोन्ही आकडे आधीपेक्षा चांगल्या पातळीवर स्थिरावले. १९७० मध्ये टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर पुन्हा बघायला गेले, तेव्हा एका शेडमध्ये तुकड्यांची पद्धत बरीचशी टिकून होती आणि इतर ठिकाणी ती हळूहळू मोडली होती. बाजार बदलला, कामाचा ताण वाढला, वरिष्ठ पुन्हा एकेका माणसाला हुकूम देऊ लागले. या शेवटाकडे डोळेझाक करू नये. मांडणी एकदा बसवली की आपोआप टिकते असं नाही. ताण आला की व्यवस्थापनाचा हात पहिल्यांदा तिच्यावरच पडतो.

मग दीडशे माणसांच्या एखाद्या कारखान्यात नेमकं करायचं काय?

पहिली जागा पाळी बदलण्याची. पहिली पाळी सुटते आणि कंपनीची बस दहा मिनिटांत निघते, त्यामुळे जाणारा ऑपरेटर दहा मिनिटं आधीच हात धुवायला पळतो. येणारा पंच करून मशीनपाशी पोचतो तेव्हा तिथे कोणी नसतं. सेन्सर सकाळपासून बायपास केला आहे, डायची स्प्रिंग सैल झाली आहे, शेवटच्या दोन पेट्या तपासायच्या राहिल्यात, हे सगळं बसमध्ये बसून निघून जातं. उपाय पंधरा मिनिटांचा आहे: दोन्ही पाळ्या तेवढा वेळ एकत्र, तो वेळ पगारी, बस त्यानंतर, आणि बोलणं मशीनपाशी उभं राहून, ऑफिसात नाही. चार गोष्टी लिहायच्या: काय बंद पडलं, कुठली सुरक्षा काढून ठेवली आहे, कुठल्या सुट्या भागाची वाट बघतोय, मालाची काय तक्रार आली. वही इंग्रजीत नको. खात्यात लातूरचा, गोंदियाचा आणि बिहारचा माणूस शेजारी शेजारी असेल तर मराठी-हिंदीत आणि शक्य तिथे चित्राने.

दुसरी जागा बक्षिसाची. गेटवर 'अपघाताविना इतके दिवस' असा फलक लावून त्याला बक्षीस जोडलं की अपघात लपायला लागतात. कापलेल्या बोटाला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात टाके पडतात, ईएसआय या कामगार विमा योजनेत नोंद होत नाही, आणि सहकारीच त्याला गप्प राहायला सांगतात, कारण त्याच्यामुळे सगळ्यांचं बक्षीस जाणार असतं. एमी एडमंडसन या संशोधिकेला १९९० च्या दशकात रुग्णालयांचा अभ्यास करताना आधी कोड्यात टाकणारी गोष्ट दिसली: चांगल्या चाललेल्या वॉर्डांमध्ये औषधांच्या चुकांच्या नोंदी जास्त होत्या. शोध घेतल्यावर उलगडा झाला तो असा, की तिथल्या परिचारिका चूक सांगायला घाबरत नव्हत्या. म्हणून थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंद पहिल्या तीन महिन्यांत वाढली तर ती चांगली खूण मानावी. आणि नोंद करणाऱ्याला आठवड्याच्या आत, काय केलं आणि काय जमलं नाही, हे सांगावंच. दोनदा लिहून काही झालं नाही की तिसऱ्यांदा कोणी लिहीत नाही. (हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांनी हसू नये. दहा जणांच्या टीममध्ये एकाला तळाचा शेरा द्यायचाच, असा नियम करून नंतर 'एकमेकांना मदत करा' म्हणणं हा याच जातीचा प्रकार आहे.)

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित जागा सुपरवायझरची. चांगला ऑपरेटर एका सोमवारी सुपरवायझर होतो. रविवारपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांना आता रजा नाकारायची, ओव्हरटाइम वाटायचा, दोन माणसांची भांडणं सोडवायची, आणि वर आकडा द्यायचा. आयटीआयमध्ये त्याला फिटिंग, टर्निंग उत्तम शिकवलं. कोणाला चार लोकांत बोलायचं आणि कोणाला बाजूला घेऊन, रजा नाकारताना कारण कसं द्यायचं, भांडणात दोघांचं वेगवेगळं कसं ऐकायचं, हे त्याला कोणीच शिकवलेलं नसतं. ज्यांनी संघटनात्मक वर्तनाची परीक्षा दिली ते एचआर विभागात बसतात, आणि ज्याला रोज त्याची गरज आहे त्याला तो विषय अस्तित्वात आहे हेही माहीत नसतं. व्याख्यानांवर होणारा खर्च थांबवून त्याच पैशांत प्रत्येक नव्या सुपरवायझरला पहिले सहा महिने दर आठवड्याला एक तास, त्याच्याच खात्यातल्या त्या आठवड्याच्या प्रसंगांवर, अनुभवी माणसाबरोबर बसू द्यावं. आणि त्याच्या मूल्यमापनात उत्पादनाबरोबर किती टळलेले अपघात नोंदवले गेले, किती नवीन माणसं सहा महिने टिकली, हे धरावं. जोवर त्याला फक्त एकच आकडा विचारला जातो, तोवर तो पाचरीकडे बघूनही बघणार नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही गंभीर आहेत. काही माणसं खरोखरच बेजबाबदार असतात, हा पहिला. असतात. पण ओळखायची सोपी कसोटी आहे: त्याच कामावर दहातला एक जण तसा वागत असेल तर माणसाकडे बघा, सहा-सात जण वागत असतील तर कामाकडे. आणि त्या एकालाही आधी शेजारच्या मशीनवर बसवून बघा, मगच निष्कर्ष काढा.

दुसरा आक्षेप लघुउद्योजकाचा. मोठ्या कंपनीला दर दोन तासांनी माल पोचवायचा, तिची लाइन थांबली तर दंड भरायचा, दर मात्र दरवर्षी खाली. त्याच्या हातात पंधरा मिनिटंही नसतात. हे अगदी खरं आहे, आणि म्हणूनच दोष फक्त त्याच्या माथी मारणंही तितकंच चूक. गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांचे खरेदी विभाग या मांडणीचाच भाग आहेत. पुरवठादाराकडे जाऊन दर्जाचं ऑडिट करणारा माणूस मायक्रॉनपर्यंत माप तपासतो. त्याने दोन बटणंही दाबून बघावीत, आणि तिथल्या टार्गेटचा वेळ गार्ड (हात आत जाऊ न देणारं कुंपण) लावून घेतला होता का हे विचारावं. पिन क्लचचा जुना प्रेस एकदा सुटला की फेरी पूर्ण केल्याशिवाय थांबत नाही, त्याला प्रकाशकिरणांचा सेन्सर लावूनही उपयोग नसतो. तिथे पक्का गार्ड किंवा नवा प्रेसच हवा, आणि त्याचा खर्च दरात धरावा लागेल. हा खर्च आज कोणाच्या तरी बोटांतून वसूल होतो आहे.

कायद्यानेही दार उघडं ठेवलं आहे. शंभर किंवा जास्त कामगार असतील तिथे कामगार आणि मालक यांची संयुक्त समिती नेमायला लावण्याची तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती सक्तीची आहे: दोन्ही बाजूंचे सारखे सदस्य, जास्तीत जास्त दहा, आणि तीस दिवसांत काम पुरं करायचं. समित्या स्थापन होतील, इतिवृत्तही लिहिली जातील. पण प्रेसवर उभ्या असलेल्या माणसाचा मालक कागदोपत्री ठेकेदार असेल, तर तो त्या टेबलाशी येणारच नाही, आणि सगळ्यात धोक्याचं काम बहुधा त्याच्याकडेच असतं. त्याच्या प्रतिनिधीला निमंत्रित म्हणून बसवायला कुठल्याही व्यवस्थापनाला आडकाठी नाही. कामगार संघटनांनीही कायम कामगारांच्या मागण्यांच्या यादीत ही मागणी वरच्या ओळीत घ्यायला हवी.

सुरुवात करायला समितीची वाट बघायचीही गरज नाही. प्रत्येक प्रेसपाशी एक हाक मारायचं बटण आणि एक पाटी लावा. रात्रपाळीत ऑपरेटरने हाक मारली ती वेळ, मेंटेनन्सचा माणूस येऊन पोचला ती वेळ, आणि दुरुस्ती न करताच 'चालू दे, सकाळी बघू' असं सांगितलं गेलं असेल तर ते कोणी सांगितलं, एवढंच त्या पाटीवर लिहा. महिनाभराने ती पाटी आणि अपघाताचे अहवाल शेजारी शेजारी ठेवून वाचा.